शिवसुमन कड्यावर परत लावताना: फांद्या, बिया, दोर आणि नोंदी

कातळकडा

पावसाळा लागला की "गडावर शिवसुमनाची शंभर रोपं लावली" अशा बातम्या सुरू होतात. हेतूबद्दल शंका नाही. पण शंभरही रोपं एकाच कुंडीतल्या एकाच झाडाच्या फांद्या असतात, लावलेली जागा दिसायला सोयीची असते आणि पुढच्या मे महिन्यात तिथे कोणी फिरकत नाही. म्हणून हा धागा. ज्यांनी रोपवाटिका, दोरकाम, गडकाम यातलं काही केलं आहे त्यांनी भर घालावी.

आधी थोडी ओळख. शिवसुमन म्हणजे फ्रेरिया इंडिका, नव्या वर्गीकरणात बूसेरोसिया फ्रेराय. काही भागांत शिंदळ माकुडी म्हणतात. वनस्पतिशास्त्रज्ञ डॅलझेल यांनी १८६० च्या दशकात जुन्नर भागातल्या नमुन्यावरून तिचं वर्णन केलं आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं नाव दिलं. जगात फक्त महाराष्ट्राच्या सह्याद्रीत, तेही कड्यांच्या भेगांत आणि अरुंद कपाऱ्यांत. शिवनेरी, वज्रगड, रंधा धबधब्याचा परिसर, महाबळेश्वरकडचे कडे ही पूर्वीपासून छापून आलेली ठिकाणं. १९८० च्या दशकात आययूसीएनने (निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने) जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या बारा वनस्पतींत तिला धरलं होतं. नंतरच्या शोधात आणखी ठिकाणं सापडली, पण प्रत्येक ठिकाण लहान आणि एकमेकांपासून तुटलेलं.

रुईच्या कुळातली, मांसल खोडाची. तिच्या जवळच्या नातेवाइकांना नावापुरती पानं असतात, हिला मात्र पावसाळ्यात चांगली मोठी पानं येतात आणि कोरड्या दिवसांत गळून जातात. मग उरतात बोटाएवढ्या जाडीच्या, राखट हिरव्या, लोंबत्या कांड्या. उन्हाळ्यात तिला माकडशिंग समजण्याची चूक फार होते. कांडी बोटांत फिरवून बघा: माकडशिंगाची चौकोनी, कडा असलेली लागते, शिवसुमनाची गोल आणि गुळगुळीत.

आता मुद्दा. शिवसुमन वाढवणं सोपं आहे. फांदी कापली, सुकवली, मुरमात खोचली की मुळं धरते. ऊतीसंवर्धनही यशस्वी झालेलं आहे. त्यामुळे "रोपं किती केली" हा आकडा फसवा. कड्यावर वेगवेगळ्या मातृरोपांची (ज्यांच्यापासून फांदी किंवा बी घेतलं त्या मूळ झाडांची) किती झाडं आहेत, त्यांना शेंगा धरतात का, आणि त्या बियांतून नवं रोप भेगेत उगवतं का, हे तीन आकडे खरे. बाकी सगळं कुंडीतलं बागकाम.

कुंडीबाग

अगदी सहमत. तरी फांद्यांचं काम नीट व्हायला हवंच, कारण तिथेही निम्मी रोपं कुजवणारे लोक आहेत. पद्धत सविस्तर देते.

फांदी गेल्या वर्षीची, पिकलेली घ्यावी. कोवळा शेंडा पाणी धरून असतो, तो कुजतो. ८ ते १२ सेंमी लांबी पुरे, निदान तीन-चार पेरं हवीत. ब्लेड दर झाडाला स्पिरिटने पुसायचं, कारण एका झाडाची बुरशी दुसऱ्याला देण्याचा तो सर्वात सोपा मार्ग आहे. खालचं टोक तिरकं आणि वरचं सरळ कापलं की उलटं लावण्याचा घोळ होत नाही. पानं गळलेल्या कांडीचं वर-खाली लगेच कळत नाही.

कापल्यावर पाच ते सात दिवस सावलीत, वाऱ्याला, कागदावर आडवी ठेवायची. जखमेवर कोरडी खपली धरली पाहिजे. ही पायरी गाळली तर पुढचं काहीच उपयोगाचं नाही. एप्रिलअखेर ते मे हा उत्तम काळ: हवा गरम आणि कोरडी, आणि झाड पानं फोडायच्या तयारीत.

माध्यम: ३ ते ६ मिमी चाळलेला मुरूम किंवा काळ्या दगडाची कच २ भाग, जाडी धुतलेली वाळू १ भाग, पूर्ण कुजलेला पाचोळा १ भाग. कोकोपीट नको. पावसाळी हवेत ते आठवडाभर ओलं राहतं. कांडी २ सेंमी खोल खोचा किंवा सरळ आडवी ठेवून दोन पेरांवर कच टाका. आडव्या कांडीला पेरांतून मुळं सुटतात, कड्यावरही ती अशीच पसरते. पहिलं पाणी चार-पाच दिवसांनी, मग वरची २ सेंमी कच कोरडी झाली की. तीन-चार आठवड्यांत कांडी हलकेच ओढली तर अडकल्यासारखी लागते.

जून ते सप्टेंबर प्लास्टिकचं छत हवं, बाजू मात्र पूर्ण उघड्या. चारी बाजूंनी बंद केलेलं शेड म्हणजे आठ दिवसांत सड. सड ओळखायची खूण: बुडाशी कांडी काचेसारखी पारदर्शक होते, मग चहाच्या रंगाची. दाबली तर पाणी येतं. तिथून दोन पेरं वर, आतला गाभा पांढरट-हिरवा दिसेपर्यंत कापायची आणि परत सुकवायची. गाभ्यात तपकिरी ठिपका राहिला तर वरचा भागही जाणार.

कीड दोन प्रकारची. मुळांवर पिठ्या ढेकूण: झाड वाढायचं थांबतं, कुंडी उपडी केली की मुळांशी पांढरा कापूस दिसतो. माती झाडून मुळं धुवायची, ती माती फेकायची. आणि रुईवरचा पिवळा मावा, कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांवर. तो पाण्याच्या फवाऱ्याने जातो, नाहीतर निंबोळी तेल लिटरला ५ मिली, दोन थेंब साबणासह, संध्याकाळी.

गड_सेवक

माहितीपूर्ण धागा. एक सरळ विचारतो. महाराजांच्या जन्मस्थळी वाढणारं फूल आहे, मग ते रायगडावर, प्रतापगडावर, सगळ्याच गडांवर का लावू नये? जितकी जास्त ठिकाणं तितका धोका कमी, नाही का? आमच्याकडे मनुष्यबळ आहे, दोर लावणारी मुलं आहेत.

हिरवी_नोंदवही

गड_सेवक दादा, भावना समजते, पण कड्यावर नको. कारणं सांगते.

पाऊस जास्त म्हणून रायगडावर जगणार नाही, असं काही जण सांगतील. ते कारण लंगडं आहे. महाबळेश्वरच्या बाजूला पाऊस काही कमी नाही, आणि तिथे हे झाड आहे. खरं कारण वेगळं. ज्या कड्याचं नीट सर्वेक्षण झालेलं नाही तिथे तुम्ही बाहेरचं रोप लावलं की पुढे तिथे सापडलेलं प्रत्येक झाड संशयास्पद होतं. नैसर्गिक की लावलेलं, कोणालाच सांगता येणार नाही. दुसरं, तिथल्या भेगांत आधीच कोणीतरी राहतंय. कड्याच्या भेगा रिकाम्या दिसतात त्या एप्रिलमध्ये. सप्टेंबरात तिथे कंदीलपुष्पांच्या दुर्मीळ जाती असू शकतात. एक दुर्मीळ झाड लावायला दुसऱ्याचा कंद उपटलेला चालणार आहे का?

आययूसीएनने २०१३ साली पुनर्स्थापनेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा गाभा हाच: आधी जिथून गेलं तिथे परत आणा, आणि का गेलं ते कारण आधी दूर करा. नव्या जागी नेणं हा शेवटचा पर्याय.

गडाच्या पायथ्याच्या शाळेत किंवा माहिती केंद्रात पाटीसह कुंडीत ठेवा, जरूर ठेवा. लोकांना फूल दाखवायला ते पुरेसं आहे.

गड_सेवक

पटलं. मग शिवनेरीसारख्या, जिथे आहेच तिथे, आमच्यासारख्यांनी काय करायचं?

कातळकडा

सर्वात मोठी मदत म्हणजे साफसफाई करताना हात आवरणं. हे खोचक वाटेल, पण कामाचं आहे.

तट-बुरुजावरची झाडी काढायची मोहीम साधारण थंडीनंतर निघते. तेव्हा शिवसुमन बिनपानाचं असतं. दगडातून लोंबणारी वाळकी काटकी समजून पोरं ओढून काढतात. तटाला धोका असतो तो वड, पिंपळ, उंबर यांच्या लाकडी मुळांचा. शिवसुमनाची मुळं बारीक आणि उथळ, ती दगड सरकवत नाहीत. तेव्हा नियम असा करा: लाकूड होणारं काढा, मऊ राहणारं सोडा. तणनाशक तर तटाजवळ आणूच नका. पिंपळाच्या खुंटावर मारलेला फवारा वाऱ्याने खालच्या कपारीत जातो आणि मांसल खोड तो पिऊन घेतं.

दरजा (दगडांमधल्या सांध्यांच्या फटी) भरतानाही तेच. चुना भरण्याआधी भेग खरवडून धुतात, त्यात असलेलं सगळं जातं. म्हणून सप्टेंबरात, फुलं असताना, समोरून कड्याचे आणि तटाचे फोटो घ्या, छापा, त्यावर पेन्सिलने चौकटी पाडा आणि झुपके कुठे आहेत ते मांडा. तो कागद काम करणाऱ्या गवंड्याच्या हातात द्या. दगडावर रंगाने खुणा करू नका, शिवनेरी केंद्र संरक्षित स्मारक आहे. पुरातत्त्व विभागाच्या लेखी परवानगीशिवाय तिथे काही खोचणं, खणणं, भरणं चालत नाही. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून शिवनेरी जागतिक वारसा यादीत गेला, त्यामुळे गर्दी आणि डागडुजी दोन्ही वाढणार. हा कागद आत्ताच तयार असायला हवा.

परागकण

शेंगांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. माझ्या मते खरी गोम इथेच आहे.

फूल जेमतेम दोन सेंमीचं, गडद मरून, पाच पाकळ्यांवर पिवळे डाग. डागांची नक्षी झाडागणिक बदलते. काठावर बारीक केस, वास किंचित कुजका. मधमाशी नाही, माश्या येतात. मध्यभागी छोटा मुकुट असतो. भिंगातून बघितलं तर त्यात पाच फटी दिसतील आणि प्रत्येक फटीच्या वरच्या टोकाशी एक काळपट ठिपका. तो ठिपका म्हणजे चिमटा. त्याला दोन्ही बाजूंनी परागांची एकेक पिवळी, मेणचट पिशवी जोडलेली. माशी मध चाटते, तिचा पाय किंवा सोंडेचा केस फटीत सरकतो, वर ओढताना चिमटा त्यावर घट्ट बसतो आणि पिशव्यांची जोडी उपटून येते. मग दुसऱ्या फुलाच्या फटीत पिशवी बरोबर दिशेने अडकली तरच पराग रुजतात. एवढी जुळवाजुळव असल्यामुळे फुलं खूप आणि शेंगा थोड्या हे या गटात नेहमीचंच.

त्यात या कुळातल्या बऱ्याच जाती स्वतःच्या परागांनी फळ धरत नाहीत, किंवा फार कमी धरतात. आता एकाच कुंडीच्या शंभर फांद्या कड्यावर लावल्या तर माशीच्या हिशोबी ते एकच झाड आहे. ती कितीही फिरली तरी परका पराग तिला मिळणारच नाही. झुपके हिरवे, फुलं भरपूर, शेंग नाही. फोटो मात्र सुंदर येतात.

म्हणून लावणी करताना वेगवेगळ्या मातृरोपांची रोपं शेजारी हवीत. एका कपारीत निदान दोन-तीन मातृरोपांची, अर्ध्या-पाऊण मीटरच्या अंतराने. एका मातृरोपाची इथे आणि दुसऱ्याची पन्नास मीटरवर असं लावून उपयोग नाही.

कुंडीबाग

हाताने परागीकरण जमतं का? रोपवाटिकेत माश्या येतात, पण शेंग धरत नाही.

परागकण

जमतं, चिकाटी हवी. फूल उमललेल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, २० पट भिंगाखाली. कीटकांची सर्वात बारीक टाचणी किंवा काडीला चिकटवलेला एक जाड केस घ्या. फटीत खालून घालून वर ओढा, चिमटा टोकावर येतो. एक पिशवी सुटी करून दुसऱ्या *मातृरोपाच्या* फुलातल्या फटीत तिची पातळ, पारदर्शक कड आतल्या बाजूला करून सरकवा. उलटी बसली तर पराग फुटत नाहीत. निम्मे प्रयत्न फुकट जातात हे धरूनच चाला. जमलं असेल तर काही दिवसांत देठ जाड होतो, नाहीतर फूल गळतं. फुलाला रंगीत दोरा बांधून कोणाचा पराग कोणाला ते लिहून ठेवा, नाहीतर सगळी मेहनत निनावी.

शेंगा बारीक, लांबट, शिंगांसारख्या जोडीने येतात. पिकायला काही महिने जातात. हिरव्याची गवती पिवळी झाली की ऑर्गंझाची जाळीदार पिशवी बांधायची, कारण एकदा शिवण उकलली की म्हातारीच्या केसांसारखा तुरा लावलेल्या बिया तासाभरात उडून जातात. पिशवी प्लास्टिकची नको, आत घाम धरून बुरशी येते.

हिरवी_नोंदवही

रानातल्या शेंगांना हात लावण्यापूर्वी परवानगी. राखीव जंगल असेल तर वनविभागाची, स्मारक असेल तर पुरातत्त्वचीही. आणि परवानगी असली तरी एका कड्यावरच्या एका हंगामातल्या बियांपैकी दहा टक्क्यांच्या वर घेऊ नये. उरलेल्या तिथेच उडू द्याव्यात. बियांतून आलेलं प्रत्येक रोप वेगळं असतं, म्हणून कड्यासाठी बियाण्याची रोपं फांद्यांपेक्षा केव्हाही चांगली.

पेरणी सोपी आहे: ताजं बी, केस काढून, वरीलच माध्यमाची बारीक चाळण, वर २-३ मिमी कच. २५ ते ३० अंशाला आठवड्याच्या आत कोंब दिसतात. मान मोडून पडणारी रोपं म्हणजे पाणी जास्त आणि वारा कमी. ट्रेला खालून पाणी द्या, वरून झारी नको.

आता माझा आवडता विषय, नोंद. प्रत्येक रोपाला एक क्रमांक, तो कुंडीवर आणि वहीत दोन्हीकडे. उदाहरणार्थ ज-३-०७: "ज" कड्याचं सांकेतिक अक्षर, ३ मातृरोप, ०७ त्यापासूनचं सातवं रोप. सोबत तारीख, फांदी की बी, कोणी आणलं, परवानगी क्रमांक. कागदी पट्टी पावसात जाते, मार्करची शाई उन्हात. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बॉलपेनने दाबून कोरलेला आकडा वर्षानुवर्षं टिकतो. ज्या रोपाची वंशावळ माहीत नाही ते कितीही देखणं असलं तरी कड्यावर जाणार नाही. मांसल झाडांच्या शौकिनांत हिचे संकरही फिरतात, आणि ऑनलाइन विकत घेतलेलं रोप कुठल्या कड्याचं किंवा शुद्ध आहे का हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

किती मातृरोपं हवीत? जगभर ५० हा ढोबळ आकडा वापरतात. एखाद्या कड्यावर एवढी झाडंच नसतात. तेव्हा आहेत तेवढ्यांची प्रत्येकी एकच कांडी घ्या. हाताशी आलेल्या एका मोठ्या झुपक्याच्या वीस घेण्यापेक्षा वीस झुपक्यांची एकेक.

दोरवाला

कड्यावरच्या लावणीबद्दल. सगळीकडे "जुलैत लावा" असं लिहिलेलं असतं. ज्यांनी हे लिहिलंय ते जुलैत दोरावर लटकलेले नाहीत. ओला बसाल्ट साबणासारखा, वरून सुटे दगड येतात, धुक्यात वरच्याला खालचा दिसत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात कातळ बरा असतो, पण मग रोपाला मुळं धरायला पाऊस उरत नाही.

मधला मार्ग: वळवाचे एक-दोन पाऊस झाले की, मृगाच्या आधी. भेगेत ओल आलेली असते, कातळाचा पृष्ठभाग कोरडा असतो आणि पुढे चार महिने पाऊस आहे. त्यासाठी रोप निदान एक वर्षाचं, मुळांनी भरलेलं हवं. महिन्याभराची फांदी पहिल्या मुसळधार पावसात धुऊन जाते.

दोर १०.५ ते ११ मिमीचा, न ताणणारा. एका माणसाला दोन दोर, दोन वेगळ्या आधारांवर. आधार तटाच्या चर्येला किंवा भिंतीतून उगवलेल्या झाडाला कधीही नको. स्मारकावर बोल्ट मारता येत नाही, तेव्हा मागे जमिनीत पक्कं झाड किंवा मोठी शिळा शोधा, दोर लांब गेला तरी चालेल. काठावर दोराखाली जाड कॅनव्हास. तो दोर वाचवतोच, शिवाय काठावरचं गवत आणि झुडपंही खरवडली जात नाहीत. उतरायची रेघ झुपक्यांच्या *बाजूने* आखा, वरून नको. सरळ वरून उतरलं की गुडघे आणि बूट आधी झाडावरच येतात.

दोन गोष्टी आधी दुर्बिणीतून बघा. आग्या मोहोळ: एक जरी मोहोळ त्या भिंतीवर असलं तर त्या दिवशी काम नाही. अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको. आणि घरटी: गिधाडं आणि ससाणे हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत अशाच कड्यांवर असतात, खालचे पांढरे ओघळ बघून जागा कळते. एका दुर्मीळ फुलासाठी गिधाडाचं पिल्लू उपाशी ठेवणं हा कुठला न्याय. ड्रोनलाही हेच लागू, परवानगीचा भाग वेगळाच.

माळरान

भेग कशी निवडायची? आमच्याकडे लावलेली बहुतेक पहिल्या पावसातच गेली.

दोरवाला

तिथे गजकर्णिका (रानबेगोनिया) किंवा जाड शेवाळ होतं का? असेल तर ती जागा सतत ठिबकणारी. शिवसुमनाला पावसात ओल आणि चार तासांत निचरा असं दोन्ही लागतं. पावसाळ्यात एकदा लांबून बघून ठेवायचं: धबधब्याची धार कुठे पडते, पाणी कुठे पाझरतं, आणि ओघळ थांबल्यावर कुठली भेग आधी सुकते. ती तुमची.

भेग २ ते ४ सेंमी रुंद आणि निदान १० सेंमी खोल, आत थोडी माती आधीपासून असलेली. वर छोटी पुढे आलेली कड असेल तर उत्तम, थेट धार चुकते. दुपारचं ऊन दिवसभर तापवणारी उघडी भिंत टाळा, निदान अर्धा दिवस सावली हवी.

लावताना मुळं आत, कांडी बाहेर लोंबती. दोन्ही बाजूंनी त्याच कड्याच्या दगडाच्या चिपा ठोकून घट्ट करायची. चिप बोटाने हलता कामा नये. सिमेंट, चुना, एम-सील हे सगळं मी पाहिलेलं आहे, कृपया नको. क्षार सुटतो, मुळं जळतात आणि भेगेचा निचरा कायमचा बंद होतो.

कुंडीबाग

आणि कुंडीतली माती कड्यावर नेऊ नका. मुळं बादलीत धुऊन, उघडी करून, ओल्या कापडात गुंडाळून न्या. कुंडीच्या मातीबरोबर रानमोडीचं बी, घाणेरीचं बी, पिठ्या ढेकूण, मुळकूज असं सगळं वर जातं. एकदा ढेकूण कड्यावर पोहोचले की मुंग्या ते मूळच्या झाडांपर्यंत नेतात, आणि तिथे फवारणी कोण करणार? रोप नेण्याआधी महिनाभर बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. शंका आली तर ते रोप नेऊ नका, रोपं काही कमी नाहीत.

गड_सेवक

बीजगोळे टाकले तर? सोपं पडेल.

कातळकडा

नको. शिवसुमनाचं बी वाऱ्यावर उडून भेगेत अडकण्यासाठी बनलंय. चिखलाच्या गोळ्यात घातलं की ते दरीत जातं. आणि दुसऱ्या झाडांचे बीजगोळे कड्यावर टाकणं तर त्याहून वाईट. गिरिपुष्प, सुबाभूळ एकदा कड्याच्या माथ्यावर आले की सावली आणि पाला दोन्ही खालच्या भेगांत उतरतात. उघडा कातळ म्हणजे ओसाड जागा, हा समज वनीकरणवाल्यांच्या डोक्यातून जायला हवा.

घाटरस्त्यांवर दरडी रोखायला जाळ्या मारतात, त्याआधी सुटे दगड पाडतात. त्या कामाचं कंत्राट निघण्याआधी भिंत बघून घ्यायची मागणी करता येते. एकदा जेसीबी आला की उशीर झालेला असतो.

हिरवी_नोंदवही

वणवा आणि शेळ्या राहिल्या. माथ्यावरचं गवत पेटलं की ज्वाळा कड्याच्या काठावरून खाली वाकतात, आणि पेटते बुडखे कपारीत पडतात. माथ्यावर नोव्हेंबर-डिसेंबरात ३ ते ५ मीटर रुंदीची जाळरेषा काढा, काठापासून थोडी आत. अगदी काठावरचं गवत कापू नका, ते माती धरून ठेवतं. कापलेलं गवत उचलून न्या, रेषेतच टाकून ठेवलं तर ते सरपणच.

शेळ्या उन्हाळ्यात हिरवं म्हणून मांसल कांड्या खातात, आणि त्या कुठवर चढतात हे सांगायला नको. काटेरी तार कड्यावर शक्य नाही. कपारीकडे जाणारी वाट सहसा एकच असते, तिच्या तोंडावर निवडुंगाच्या किंवा बोराटीच्या फांद्या टाकल्या तर बराच फरक पडतो. हे गुराख्यांशी बोलून, त्यांच्याच हातून. गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती कायद्याने असते, तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत हे झाड गेलं की पुढच्या प्रत्येक परवानगीला, कामाला आधार मिळतो. फक्त नोंदवहीत नेमकं ठिकाण लिहायचं की नाही हे समितीशी ठरवा. तशीच काळजी फोटोंची: लोकेशन काढून टाका आणि मागे ओळखीचा बुरूज येऊ देऊ नका. चोरी करणारा माणूस तेवढ्यावरून पोहोचतो.

परागकण

पाहणी वर्षातून तीनदा: सप्टेंबरअखेर फुलं, जानेवारीत शेंगा, मेअखेर जगलेले झुपके. दरवेळी त्याच जागेवरून, त्याच लेन्सने, फोटोत मोजपट्टी किंवा ओळखीचा दगड ठेवून. मोजताना झुपका मोजा, फांद्या नव्हे, आणि हाताच्या पंज्याहून लहान, एकेरी कांडीचं रोप वेगळं लिहा. तेच नवीन बियाण्याचं असण्याची शक्यता जास्त.

शेंडे खुडलेले दिसले तर लगेच शेळीवर आळ नको. रुई-माकडशिंगावर वाढणाऱ्या प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या हिच्यावरही येतात: पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, काळी शिंगं असलेल्या. रोपवाटिकेत उचलून रुईवर सोडा. कड्यावर काही करू नका, झाड दुसऱ्या पावसात परत फुटतं.

माळरान

म्हणजे आमची गेली ती गजकर्णिकेशेजारचीच होती. उरलेल्यांचे क्रमांक नाहीत, एका सदस्याच्या गच्चीतल्या कुंडीतून आणली होती. आता ती काढावीत का?

हिरवी_नोंदवही

त्या कड्यावर मूळचं शिवसुमन आहे का, ते आधी सप्टेंबरात बघा. असेल तर हो, काढा, शेंग धरण्याआधी, म्हणजे फुलं येताच. मुळासकट, आणि तुटलेला एकही तुकडा खाली पडू देऊ नका, तोही रुजतो. नसेल तर घाई नाही, पण नकाशावर "लावलेलं, मूळ अज्ञात" असं ठळक लिहून वनविभागाला आणि पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा. काढलेली रोपं फेकू नका, शाळेला द्या.